मांजरीचं पिल्लू आजारी आहे: आजच डॉक्टरकडे न्यायचं की सोमवारपर्यंत थांबायचं?

प्रश्न थोडक्यात असा. वडोदऱ्यात दांडिया बाजारातल्या एका घरी साधारण सहा आठवड्यांचं मांजरीचं पिल्लू आहे. दोन दिवस शिंका येतायत, एक डोळा सकाळी चिकटलेला असतो, काल संध्याकाळपासून शी पातळ आहे आणि खाणं निम्म्यावर आलंय. खेळणं मात्र सोडलेलं नाही. आज शनिवार, उद्या दवाखाना बंद. सोमवारपर्यंत थांबलं तर चालेल का, आणि तोवर घरचं काय द्यावं?

थांबू नका. आज संध्याकाळी दवाखाना बंद व्हायच्या आत दाखवून आणा. नुसत्या शिंका असत्या आणि खाणं पूर्ण असतं, तर दोन दिवस बघायला हरकत नव्हती. शी जराशी पातळ आणि भूक शाबूत, तरी एक दिवस थांबता आलं असतं. पण इथे पिल्लाच्या पोटात कमी जातंय आणि बाहेर जास्त पडतंय, आणि मध्ये रविवार आहे. खेळतंय यावर फार विसंबू नका. मांजराची जात दुखणं लपवणारी. पिल्लू शेवटच्या काही तासांपर्यंत दोरीमागे धावतं आणि मग एकदम आडवं पडतं.

घरच्यांचा बहुतेक वेळ ‘याला झालंय काय’ हे शोधण्यात जातो. ते डॉक्टरांचं काम आहे. घरी ठरवायचं ते एवढंच की या पिल्लाच्या हाताशी किती तास आहेत. मोठ्या मांजराच्या अंगावर चरबी असते, यकृतात साखरेचा साठा असतो. चारशे ग्रॅमच्या पिल्लाकडे यातलं जवळजवळ काही नसतं. खाणं थांबलं की रक्तातली साखर उतरते, साखर उतरली की अंग गार पडतं, आणि अंग गार पडलं की आतडी काम थांबवतात. त्यामुळे ज्या तक्रारीवर मोठ्या मांजरासाठी दोन दिवस थांबता येतं, तीच तक्रार पिल्लाच्या बाबतीत अर्ध्या दिवसाची असते.

म्हणून आधी वय नक्की करा. डोळे जन्मानंतर ७ ते १४ दिवसांत उघडतात. पुढचे बारीक दात आणि सुळे तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात दिसू लागतात, दाढा पाचव्या-सहाव्यात. डोळ्यांचा निळा रंग सहाव्या-सातव्या आठवड्यापासून बदलायला लागतो. वजनावरूनही अंदाज येतो. जन्मताना साधारण १०० ग्रॅम आणि पुढे दर आठवड्याला आणखी शंभर, म्हणजे चार आठवड्यांचं पिल्लू ४०० ते ५०० ग्रॅम आणि आठ आठवड्यांचं ८०० ते ९०० ग्रॅम भरतं. दात सहा आठवड्यांचे आणि वजन साडेतीनशे असेल, तर ते पिल्लू आधीपासूनच मागे पडलेलं आहे. त्याच्यासाठी खालचे सगळे तास निम्मे धरा.

चार आठवड्यांच्या आतल्या पिल्लाने लागोपाठ दोन वेळा दूध नाकारलं, म्हणजे चार ते सहा तास गेले, की निघायचं. चार ते आठ आठवड्यांच्या पिल्लाला आठ ते बारा तास, त्याहून जास्त नाही. दोन ते चार महिन्यांच्या पिल्लाने चोवीस तास काही खाल्लं नाही तर न्यायलाच हवं, आणि सोबत उलटी किंवा जुलाब असतील तर बारा तासांतच. ‘थोडं चाटलं’ याला खाणं म्हणू नका. वाटीत किती ग्रॅम घातलं आणि किती उरलं, ते मोजा.

घरात दोन वस्तू हव्यातच: एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा स्वयंपाकघरातला डिजिटल काटा आणि मऊ टोकाचा डिजिटल थर्मामीटर, जो माणसांसाठी पुन्हा वापरायचा नाही. वजन रोज एकाच वेळी, खायला देण्याआधी करा. लहान पिल्लू दिवसाला १० ते १५ ग्रॅम वाढायला हवं. एक दिवस वाढ झाली नाही तर लक्ष ठेवा. दोन दिवस वाढ नाही, किंवा एका दिवसात वजन घटलं, तर बाकी सगळं ठीक दिसत असलं तरी फोन करा. पुष्कळदा डोळ्यांना काही दिसायच्या आदल्या दिवशीच काटा सांगून टाकतो.

ताप गुदद्वारातून मोजायचा. थर्मामीटरच्या टोकाला व्हॅसलिन लावा, एकाने पिल्लू टॉवेलात धरावं, दुसऱ्याने शेपटी हलकेच उचलून टोक जेमतेम एक सेंटिमीटर आत घालावं आणि बीप होईपर्यंत धरावं. जोर लावायचा नाही. चार आठवड्यांवरच्या पिल्लाला १०० ते १०२.५ फॅरनहाइट ठीक. १०३.५ च्या वर गेलं तर फोन, १०४ च्या वर त्याच दिवशी दवाखाना. त्याहून जास्त काळजी खालच्या आकड्यांची करा: ९९ च्या खाली गेलेलं पिल्लू तापलेल्या पिल्लापेक्षा जास्त धोक्यात असतं. पहिल्या आठवड्यातल्या पिल्लाचं मात्र ९५ ते ९८ हे नेहमीचंच तापमान असतं. स्वतःचं अंग गरम ठेवणं त्याला अजून जमत नाही.

हिरड्या बघायला ओठ वर उचला. गुलाबी आणि ओलसर असतील तर बरं. बोटाने दाबून सोडल्यावर पांढरा पडलेला ठिपका दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी व्हायला हवा. बोटाला चिकट लागल्या तर अंगातलं पाणी कमी झालंय. मानेची कातडी चिमटीत धरून बघायची रीत मोठ्या मांजराला चालते. पिल्लाची कातडी एरवीही सैल असते, तिथे ती फसवते. त्यापेक्षा शू बघा: पिल्लाची शू जवळजवळ पाण्यासारखी फिकट असते, गडद पिवळी झाली तर पाणी कमी पडतंय.

श्वास झोपेत मोजायचा. तीस सेकंदांत छाती किती वेळा वर येते ते मोजून दुप्पट करा. वीस ते चाळीसमध्ये असेल तर ठीक. झोपेतही चाळीसच्या वर राहिला तर फोन. पोट आत खेचून श्वास घेणं, मान पुढे ताणून बसणं, तोंड उघडं ठेवून श्वास घेणं, यातलं एक जरी दिसलं तरी फोन करत बसू नका, निघा. खूप पळापळीनंतर पिल्लू मिनिटभर धापतं ते वेगळं. बसल्याजागी धापणं कधीच साधं नसतं.

तास न मोजता ताबडतोब निघायची आणखी कारणं अशी: हिरड्या पांढऱ्या, निळसर, पिवळ्या किंवा तपकिरी दिसणं, झटके येणं किंवा मान मागे वळणं, हाक मारून, हलवूनही न उठणं, शीतून किंवा उलटीतून रक्त, पोट फुगून टणक होणं, शू करायला बसतं पण थेंबही येत नाही, कुत्र्याने तोंडात धरलेलं असणं, आणि गच्चीवरून किंवा गॅलरीतून पडणं, मग पडल्यावर ते चालताना दिसलं तरीही. कुत्र्याच्या दातांची बाहेरची भोकं टाचणीएवढी असतात, आतली इजा फार मोठी असू शकते.

गार पडलेल्या, लोळागोळा झालेल्या पिल्लाला दूध पाजणं ही सगळ्यात जास्त होणारी आणि सगळ्यात महागात पडणारी चूक. त्याची आतडी थांबलेली असतात, गिळण्याची ताकद नसते, आणि दूध सरळ फुप्फुसात उतरतं. आधी ऊब. बाटलीत गरम पाणी भरून ती टॉवेलात गुंडाळा आणि खोक्याच्या एकाच बाजूला ठेवा, म्हणजे जास्त वाटलं तर पिल्लाला सरकायला जागा राहील. हेअर ड्रायर नको, विजेचा शेक थेट अंगाला नको. हळूहळू गरम करायचं, घाई केली तर रक्तदाब कोसळतो. दरम्यान ग्लुकोजच्या किंवा साखरेच्या दाट पाण्याचे दोन-तीन थेंब बोटाने हिरड्यांवर चोळा आणि दहा-पंधरा मिनिटांनी पुन्हा चोळा. तोंडात ओतायचं नाही. हे सगळं दवाखान्याच्या वाटेवर करायचं असतं. घरी बसून तासभर प्रयोग करण्याइतका वेळ हाती नसतो.

आता तक्रारींकडे.

शिंका आणि डोळे: बहुतेक वेळा हा मांजरांच्या हर्पीस किंवा कॅलिसी विषाणूचा सर्दीचा प्रकार असतो. त्यातला खरा धोका भूक जाण्याचा. मांजर वासावर खातं, नाक बंद झालं की अन्न ओळखतच नाही. नाक कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने पुसा, खाणं किंचित गरम करून द्या, अंघोळीच्या गरम पाण्याची वाफ भरलेल्या बाथरूममध्ये दहा मिनिटं पिल्लाला घेऊन बसा. व्हिक्स किंवा कापूर जवळपासही नको, दोन्ही मांजराला विषारी आहेत. नाकातून पाणी येतंय, पण डोळे उघडे आहेत आणि वाटी रिकामी होतेय, तर ४८ तास बघा. स्राव पिवळा-हिरवा झाला, जिभेवर फोड आले किंवा खाणं कमी झालं की न्या. डोळा मिटूनच ठेवत असेल, बुबुळावर पांढुरका डाग दिसत असेल, तर त्याच दिवशी न्यायचं, कारण बुबुळावरची जखम वेगाने खोल जाते. घरात उरलेले माणसांचे डोळ्यांचे थेंब घालू नका. त्यात स्टेरॉइड असेल तर तीच जखम चिघळून डोळा जाऊ शकतो. आणि जन्मल्यानंतर डोळे उघडायच्या आतच मिटलेल्या पापणीखाली फुगवटा आला, तर आत पू साठलाय असं समजून त्याच दिवशी दाखवा.

जुलाब: शी मऊ पण आकार टिकलेला, पिल्लू खातंय, वजन टिकून आहे, तर एक दिवस बघता येतं. खाणं बदललंय का ते आठवा. गाईचं किंवा थैलीचं दूध हे सगळ्यात नेहमीचं कारण, कारण त्यातली साखर पिल्लाला पचत नाही. आजीने हळद-दूध सुचवलं असेल तर मायेने सुचवलं असेल, पण जुलाबात तेच दूध भर घालतं. दूध बंद करून पाणी सतत समोर ठेवा. आईविना असलेल्या लहान पिल्लाला मांजरांसाठीची दूध पावडरच द्या, आणि तीही पिल्लाला पालथं ठेवून. उताणं धरून पाजलेलं दूध श्वासनलिकेत जातं. पाजल्यावर नाकातून दूध आलं आणि नंतर श्वास जलद झाला, तर ते थेट दवाखान्याचं प्रकरण. पाण्यासारखी शी आणि वय आठ आठवड्यांच्या आत, तर त्याच दिवशी न्यायचं. ताजी शी, शक्यतो दोन-चार तासांच्या आतली, छोट्या स्वच्छ डबीत घेऊन जा. जंत आणि कॉक्सिडिया, जिआर्डिया हे आतड्यातले सूक्ष्म परजीवी यांची औषधं वेगवेगळी आहेत, ती सूक्ष्मदर्शकाखाली बघूनच ठरतात. माणसांची जुलाब थांबवायची गोळी देऊ नका. माणसांची जंताची अल्बेंडाझोलची गोळीही नको, मांजराच्या अस्थिमज्जेवर तिचा वाईट परिणाम होतो.

उलटी: एकदा झाली आणि तासाभरात पिल्लू खायला मागतंय, तर काळजी नको. अर्ध्या दिवसात तीनदा झाली किंवा उलटीनंतर पिल्लू कोपऱ्यात जाऊन बसलं, तर न्या. उलटी, ताप आणि खाणं पूर्ण बंद, त्यात पिल्लू पाण्याच्या वाटीवर मान टाकून बसलंय पण पीत नाही, असं दिसलं तर पॅनल्युकोपेनियाची शंका घ्यावी. हा मांजरांचा पार्व्हो, म्हणजे आतड्यांवर आणि रक्तावर हल्ला करणारा विषाणूचा रोग. यात पांढऱ्या पेशी कोसळतात आणि लस न झालेलं पिल्लू एक-दोन दिवसांत जाऊ शकतं. लवकर सलाईन आणि औषधं सुरू झाली तर वाचतंही. दवाखान्यात आत शिरण्याआधी बाहेरूनच फोन करून शंका सांगा, नाहीतर बाकावर बसलेल्या दुसऱ्यांच्या पिल्लांना तो लागतो. हा विषाणू घरात वर्षभर टिकू शकतो. फिनाइलने तो नीट मरत नाही, शिवाय फिनाइल मांजराला विष आहे. जागा आधी साबणाने धुवा, मग एक लिटर पाण्यात ३० मिलिलिटर ब्लीच घालून दहा मिनिटं ओलं ठेवा, पुन्हा धुऊन वाळवा, आणि तोवर मांजरांना तिथे येऊ देऊ नका.

वडोदऱ्यात जानेवारीत उलटीचं आणखी एक कारण असतं, ते म्हणजे मांजा. उत्तरायणनंतर, म्हणजे संक्रांतीच्या पतंगांच्या सणानंतर, कितीतरी दिवस अगाशीत, गॅलरीच्या जाळीत, पोळांच्या (जुन्या वस्त्यांच्या) गल्ल्यांत दोऱ्याचे तुकडे पडून असतात आणि पिल्लाला दोरा दिसला की ते चघळणारच. दोऱ्याचं एक टोक जिभेखाली अडकतं, बाकीचा आतड्यात उतरतो, आणि आतडं त्या दोऱ्यावर चुणत जाऊन शेवटी कापलं जातं. तोंडातून किंवा मागून दोरा लोंबताना दिसला तर ओढू नका आणि तोंडाजवळ कापूही नका. आहे तसा घेऊन जा. उत्तरायणच्या दिवसांत उलटी आणि दुखरं पोट असेल, तर डॉक्टरांना मांजाबद्दल न विचारता सांगा.

पिसवा बारीक वाटतात, पण पाचशे ग्रॅमच्या पिल्लाचं रक्त त्या खरोखर संपवू शकतात. बारीक दातांच्या फणीने विंचरून निघालेली काळी पूड ओल्या पांढऱ्या कागदावर टाका. लालसर डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा. हिरड्या गुलाबी असतील आणि पिल्लू तरतरीत असेल तर कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचा थेंब टाकून अंघोळ घाला आणि लगेच पूर्ण कोरडं करा. हिरड्या फिकट असतील तर अंघोळ नको, त्याच दिवशी दवाखाना, कदाचित रक्त द्यावं लागेल. कुत्र्यांसाठीचं परमेथ्रीन असलेलं औषध मांजराला कधीही लावू नका, त्याने झटके येऊन मांजर मरतं. रॉकेल चोळणं, डांबरगोळ्या ठेवणं हेही बंद.

पॅरासिटामॉलबद्दल वेगळं सांगायलाच हवं. ते पचवण्याची यंत्रणा मांजराच्या यकृतात फार तोकडी असते. पाव गोळीसुद्धा पिल्लाचा जीव घेऊ शकते. रक्त प्राणवायू वाहून नेणं सोडतं, हिरड्या तपकिरी होतात, तोंड आणि पंजे सुजतात. ‘मुलांचं सिरप आहे, सौम्य असतं’ असं म्हणून कुणी आधीच पाजलं असेल तर लपवू नका. किती, कधी, कुठलं ते सांगा आणि रिकामी बाटली सोबत न्या. यावर उतारा आहे, पण तो पहिल्या काही तासांतच चांगला चालतो. आयब्युप्रोफेनही मांजराला विषारीच.

कानात काळा मळ आणि खाजवणं, अंगावर गोल टक्कल, पोटावरची छोटी मऊ गाठ, एकदा लंगडून पुन्हा नीट चालणं, हे सगळं दोन-तीन दिवस थांबू शकतं. गोल टक्कल म्हणजे बहुधा बुरशी, ती माणसांना लागते, तेव्हा तोवर मुलांच्या अंथरुणात पिल्लू नको.

फोनवर डॉक्टरांना ‘जरा मलूल आहे’ एवढंच सांगितलं तर त्यांना काही ठरवता येत नाही. असं सांगा: सहा आठवडे, ५२० ग्रॅम, काल ५४० होतं, ताप १०३.२, शेवटचं सकाळी आठला दहा ग्रॅम खाल्लं, शी चार वेळा पातळ, शू दुपारी, हिरड्या गुलाबी, झोपेत श्वास ३६. शीचा फोटो आणि विचित्र चालण्याचा व्हिडिओ जवळ ठेवा. यानंतर येऊ का थांबू, याचं उत्तर मिनिटभरात मिळतं.

नेताना अ‍ॅक्टिव्हावर हातात धरून नेऊ नका. हॉर्नला दचकून ते उडी मारतं आणि मग सापडत नाही. भोकं पाडलेलं, झाकण बांधलेलं खोकं चालतं. मे महिन्यात पारा ४२-४३ ला असतो तेव्हा सकाळची वेळ घ्या, आणि बंद गाडीत दोन मिनिटंही एकटं ठेवू नका. उन्हाने धापत असेल तर अंग साध्या पाण्याने ओलं करून वारा घाला आणि निघा, बर्फ लावू नका. पिल्लू रस्त्यावरचं, कुणाच्या मालकीचं नसलेलं असेल, तर १९६२ वर फोन केल्यास गुजरात सरकारची करुणा अ‍ॅनिमल अ‍ॅम्ब्युलन्स मिळते, तिचे पैसे लागत नाहीत. गुंतागुंतीचं असेल तर सुमारे ४० किलोमीटरवर आणंदला पशुवैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे, पण कोसळलेल्या पिल्लाला आधी जवळच्या दवाखान्यात स्थिर करून मगच तिकडे न्या. शनिवार संध्याकाळ, दिवाळी, सातम-आठम (जन्माष्टमीचे दिवस) किंवा उत्तरायणची आदली संध्याकाळ असेल, तर एरवी जिथे तुम्ही ‘उद्या बघू’ म्हणाला असता तिथे ‘आज’ म्हणा.

अनोळखी पिल्लाने पकडताना तुम्हाला चावलं किंवा ओरबाडलं, तर जखम साबणाने आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी माणसांच्या दवाखान्यात जाऊन रेबीजच्या लशीबद्दल विचारा. पिल्लू लहान आहे म्हणून हे टाळू नका.

दवाखान्यातून आल्यावर काटा पुन्हा बाहेर काढा. चोवीस तासांत खाणं वाढलं नाही किंवा वजन आणखी उतरलं, तर पाच दिवसांचा कोर्स संपायची वाट बघू नका, दुसऱ्याच दिवशी परत न्या. डॉक्सीसायक्लिन या अँटिबायोटिकची गोळी दिली असेल तर तिच्यामागून नेहमी दोन-तीन मिलिलिटर पाणी सिरिंजने गालाच्या बाजूने हळूहळू द्या, कारण कोरडी गोळी अन्ननलिकेत अडकून तिथे जखम करते. डोळा उघडला, शी घट्ट झाली म्हणून औषध मध्येच सोडू नका. लस पिल्लू पूर्ण बरं झाल्यावरच: सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू करून दर तीन-चार आठवड्यांनी, निदान सोळाव्या आठवड्यापर्यंत. त्याची भावंडं घरात असतील तर त्यांच्या वाट्या आणि शी-शूचा मातीचा ट्रे आजपासून वेगळे ठेवा, आणि त्यांचंही वजन रोज लिहून ठेवा.